ट्रस्टच्या सेंटरला डायलिसिस : स्वस्त म्हणजे डेंजर का?

प्रश्न : बाबांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे, प्रायव्हेटचं बिल आता झेपेना. जवळच ट्रस्टचं सेंटर आहे, रेट एकदम कमी, पण आत्या म्हणते स्वस्तात इन्फेक्शन होतं. न्यायचं का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : न्या की! रेट कमी असतो कारण मशीन देणगीतून आलेलं असतं आणि नफा काढायचा नसतो, प्रभादेवीला सिद्धिविनायक न्यासाचंही सेंटर आहेच ना. पण डोळे झाकून नको. आधी पाण्याचं विचारा, कारण एका चार तासांच्या सिटिंगला जवळपास १२० लिटर पाणी लागतं आणि ते रक्ताच्या अगदी शेजारून, पातळ पडद्यापलीकडून वाहतं, म्हणून आरओ प्लांटचे टेस्टिंग रिपोर्ट बघायला मागा, टाळाटाळ केली तर सरळ दुसरं सेंटर बघा. हेपॅटायटिस बी वाल्यांना मशीन वेगळं आहे का, डायलायझर (रक्त गाळणारा फिल्टर) परत वापरतात का, नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीचे डॉक्टर, कधी येतात, हेही विचारा. आत्यांनाच सोबत न्या, त्या बरोबर विचारतील!

आणि हो, राज्य सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, सेंटर यादीत असेल तर रेशनकार्ड, आधार घेऊन जा. २०१६ च्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांतही सोय आहे, गरिबांना फुकट.