‘ओके सर’ म्हणजे सही नव्हे

प्रश्न : मी कोल्हापुरात राहते, फ्रीलान्स चित्रकार आहे. पुण्यातल्या एका प्रकाशनाने जून २०२४मध्ये मुलांच्या दोन पुस्तकांची चित्रं माझ्याकडून करून घेतली. आतली ४६ चित्रं प्रत्येकी २,५०० रुपये आणि दोन मुखपृष्ठं प्रत्येकी ७,५००, असे १,३०,००० रुपये ठरले. अर्धे आगाऊ मिळाले. नोव्हेंबरमध्ये काम दिलं, उरलेले ६५,००० अजून आलेले नाहीत. करार नाही, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर. त्यांच्या वर्क ऑर्डरच्या पीडीएफमध्ये तळाशी ‘चित्रांचे सर्व हक्क प्रकाशनाकडे’ अशी ओळ होती. मी ‘ओके सर, काम सुरू करते’ एवढंच उत्तर दिलं. गेल्या महिन्यात एका पुस्तक प्रदर्शनात हीच चित्रं हिंदी आवृत्तीत आणि कापडी पिशव्यांवर छापलेली दिसली. माझं नाव कुठेच नाही. हिंदी पुस्तकात तर मी काढलेली सावळी मुलगी गोरी करून टाकली आहे. फोन केला तर म्हणाले, ‘पैसे दिले म्हणजे चित्र आमचं. आणि तुम्ही आमच्या टीममधल्याच होतात.’ माझ्याकडे उद्यम प्रमाणपत्र (लहान उद्योगाची सरकारी नोंदणी) आहे, पेन टॅबलेटसाठी कर्ज घेताना मार्च २०२४मध्ये काढलं होतं. ओळखीचे म्हणतात, गप्प बस, क्षेत्र लहान आहे. मी काय करू?

उत्तर : ताई, गप्प बसू नका. तुमच्या हातात तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बरंच काही आहे. फक्त दोन गोष्टी वेगळ्या ठेवा : अडकलेले पैसे आणि चित्रांवरचा हक्क. दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत. एकाच रागाच्या नोटिशीत दोन्ही कोंबले की दोन्ही रेंगाळतात.

आधी ‘टीममधल्याच होतात’ या वाक्याकडे पाहू, कारण ते सहज बोललेलं नाही. कॉपीराइट कायदा १९५७च्या कलम १७प्रमाणे चित्राचा पहिला मालक चित्रकारच असतो, पण नोकरीत असताना नोकरीचं काम म्हणून काढलेलं चित्र मालकाचं होतं. तुम्हाला त्या खान्यात बसवायचा हा प्रयत्न आहे. आता तुमचं बँक पासबुक काढा. आगाऊ रक्कम ६५,००० होती, पण खात्यात बहुधा ५८,५०० जमा झाले असतील. मधले ६,५०० म्हणजे दहा टक्के टीडीएस. आयकराच्या संकेतस्थळावरून तुमचा फॉर्म २६एएस, म्हणजे तुमच्या नावे कापलेल्या कराची नोंद, उतरवून घ्या आणि त्या रकमेसमोर कोणतं कलम आहे ते पाहा. १९४जे असेल तर ती व्यावसायिकाची फी आहे. पगारावरचा टीडीएस कलम १९२खाली कापला जातो. म्हणजे तुम्ही नोकर नव्हतात, हे प्रकाशनाने स्वतःच सरकारला लिहून दिलेलं आहे. चित्रकारांच्या प्रकरणांत मी सगळ्यात आधी हाच कागद मागवते.

‘पैसे दिले म्हणजे चित्र आमचं’ हे मात्र अर्धं खरं आहे, आणि ही अर्धी बाजू तुमच्यापासून लपवणं बरोबर होणार नाही. त्याच कलम १७मध्ये एक अपवाद आहे. मोबदला देऊन, कुणाच्या सांगण्यावरून काढलेला फोटो, रंगचित्र, व्यक्तिचित्र, एनग्रेव्हिंग किंवा चित्रपट असेल, आणि उलट काही ठरलेलं नसेल, तर पहिला मालक काम सांगणारा ठरतो. फोटोग्राफर मंडळींना याचा फटका नेहमी बसतो. या यादीत रंगचित्र आहे, रेखाचित्र नाही. कायद्याने ‘कलाकृती’ची व्याख्या करताना मात्र रंगचित्र आणि रेखाचित्र असे दोन वेगळे शब्द वापरले आहेत, म्हणजे फरक त्याच्या डोळ्यांसमोर होता.

तुमची मुखपृष्ठं जलरंगात असतील, तर त्यांचा कॉपीराइट प्रकाशनाचा ठरण्याची शक्यता मोठी आहे. आतली ४६ चित्रं पेन-इंकची रेघ आणि त्यात भरलेला रंग अशी असतील, तर ती रेखाचित्रं आहेत आणि तुमची आहेत, असं मी ठामपणे मांडेन. समोरचे वकील म्हणतील, रंग भरला म्हणजे पेंटिंग झालं. यावर वाद होणार, म्हणून तुमच्या लेयरवाल्या फायली सोन्यासारख्या जपा. रेघेची लेयर आधी, रंगाची नंतर, हे त्यातच दिसतं. त्या फायली आता उघडून पुन्हा सेव्ह करू नका, तारीख बदलते. आहेत तशा एका वेगळ्या ड्राइव्हवर कॉपी करा.

आता पीडीएफच्या तळाची ओळ. कॉपीराइट दुसऱ्याच्या नावे करायचा तर कलम १९प्रमाणे ते लेखी लागतं आणि देणाऱ्याची, म्हणजे तुमची, सही लागते. त्यात कोणतं काम, कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशात आणि किती मोबदल्यात हेही लिहावं लागतं. ‘ओके सर, काम सुरू करते’ यात यातलं काहीच नाही. प्रकाशन या ‘ओके’वर जोर देईल आणि ‘उलट काही ठरलं नव्हतं’ याचा पुरावा म्हणूनही तो दाखवेल, पण नावावर करून देण्याचं काम या एका ओळीने होत नाही. आणि वादासाठी ते हस्तांतरण धरलं, तरी काळ लिहिलेला नसला की कायदा पाचच वर्षं मानतो आणि प्रदेश लिहिलेला नसला की फक्त भारत. ‘कायमचे, जगभर, सगळे’ असं काही त्यातून निघत नाही. व्यवहारातून जे निघतं ते एवढंच, की त्या दोन मराठी पुस्तकांत ती चित्रं छापायला तुमची परवानगी होती. हिंदी आवृत्ती आणि पिशव्या या ठरावात नव्हत्या. पिशव्यांबद्दल ते आणखी एक ढाल पुढे करू शकतात : डिझाइन म्हणून नोंदवता येण्यासारखी गोष्ट न नोंदवता कारखान्यात पन्नासहून जास्त वेळा छापली, की तिच्यावरचा कॉपीराइट संपतो. पण तुमचं चित्र पुस्तकासाठी काढलेली कलाकृती आहे, पिशवीचं डिझाइन नाही. हा फरक कसा तपासायचा याची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५मध्ये घालून दिली आहे, आणि ती तुमच्या बाजूने वापरता येते.

सावळ्या मुलीचं वाचून मला खरंच वाईट वाटलं. कायद्यातही तुमची सगळ्यात पक्की जागा हीच आहे. कलम ५७ सांगतं की कॉपीराइट दुसऱ्याकडे गेला, तरी ‘हे माझं काम आहे’ असं म्हणण्याचा आणि आपली प्रतिष्ठा दुखावेल अशी मोडतोड रोखण्याचा हक्क कलाकाराकडेच राहतो. म्हणजे मुखपृष्ठांची मालकी गेली असं धरलं, तरी नावाचा हक्क तिथेही तुमचाच. शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनात सरकारसाठी भव्य भित्तिशिल्प केलं होतं. १९७९मध्ये ते उतरवून गोदामात टाकलं, त्याचे तुकडे झाले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५मध्ये उरलेलं शिल्प त्यांना परत द्यायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. सरकारने पैसे देऊन करून घेतलेलं काम होतं, तरीही. तुमच्या बाबतीत प्रतिष्ठा कशी दुखावली हे दाखवावं लागेल. मूळ चित्र आणि बदललेलं चित्र शेजारी शेजारी ठेवा, आणि या क्षेत्रातल्या दोन-तीन ज्येष्ठ चित्रकारांकडून लेखी मत घ्या. सावळी मुलगी नायिका असणं हा त्या पुस्तकातला तुमचा विचार होता, हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं सांगता येईल.

सहीबद्दल एक सांगते. दीनानाथ दलालांच्या मुखपृष्ठांच्या कोपऱ्यात ‘दलाल’ अशी सही असायची, ती केवळ हौस नव्हे. छापील प्रतीवर ज्याचं नाव चित्रकार म्हणून आहे, तोच चित्रकार असं न्यायालय कलम ५५नुसार गृहीत धरतं. नाही म्हणणाऱ्याने ते खोटं ठरवायचं. तुमच्या मराठी आवृत्तीत कुठे बारीकशी सही राहिली असेल तर भिंग घेऊन शोधा.

पैशांचं काम सोपं आहे. मार्च २०२४चं उद्यम प्रमाणपत्र कामाच्या आधीचं आहे, हे तुमचं नशीब. प्रमाणपत्र नंतर काढलं की ते मागच्या व्यवहाराला लागू होतं का, यावर न्यायालयांत वाद आहेत, तुम्हाला तो प्रश्नच नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६प्रमाणे लेखी मुदत ठरली नसेल तर काम स्वीकारल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, आणि लेखी ठरवलं तरी ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. यासाठी सुविधा परिषद, म्हणजे लहान उद्योगांच्या थकलेल्या पैशांचे वाद सोडवणारी सरकारी यंत्रणा, असते, अर्ज ऑनलाइन करता येतो. तुम्ही जिथे आहात तिथली परिषद प्रकरण घेते, प्रकाशन पुण्यात असलं तरी. आधी समेटाचा प्रयत्न होतो, नाही जमला तर लवाद. निर्णय विरोधात गेला आणि त्याला आव्हान द्यायचं असेल, तर प्रकाशनाला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. शिवाय मुदतीत न दिलेली अशी रक्कम आयकरात त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येत नाही. हे वाक्य त्यांच्या हिशेबनिसाला कळेल अशा शब्दांत पत्रात घाला. अनेक वेळा एवढ्यावरच पैसे येतात.

चित्रांसाठी मी आधी दाव्याची नाही, दराची भाषा वापरेन. पत्रात लिहा : हिंदी आवृत्तीसाठी आणि पिशव्यांसाठी मी परवाना द्यायला तयार आहे, प्रत्येकाचा दर इतका, माझं नाव छापलं पाहिजे, आणि मुलीचा रंग मूळ चित्रासारखा झाला पाहिजे. क्षेत्र लहान आहे ही तुमची भीती मला मान्य आहे. पण परवान्याचा दर मागणारा माणूस भांडखोर म्हणून ओळखला जात नाही. उत्तर आलं नाही तर नोटीस. तिच्यात मुखपृष्ठांच्या कॉपीराइटवर हक्क सांगू नका. तुम्ही टाकलेली धमकी निराधार ठरली तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६०खाली समोरचा उलट दावा लावू शकतो.

तरी नाहीच ऐकलं तर दावा कोल्हापुरातच लावता येतो, कारण कलम ६२ चित्रकाराला राहत्या ठिकाणी दावा करू देतं. तीन लाख किंवा त्याहून जास्त मूल्याचा दावा व्यावसायिक न्यायालयात जातो, आणि तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर आधी मध्यस्थी सक्तीची आहे. मनाई हुकूम हवा असेल तर उशीर करू नका, ‘इतके दिवस कुठे होतात’ हाच पहिला प्रश्न असतो. पुढे अपिलाची वेळ आली, तर ऑगस्ट २०२५पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं. वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हा तुमचा कायदेशीर हक्क आहे, उपकार नव्हे. पैशांसाठी आणि भरपाईसाठी मुदत साधारण तीन वर्षांची आहे, म्हणून पैशांचं प्रकरण नोव्हेंबर २०२७च्या आत कुठेतरी दाखल झालंच पाहिजे.

व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट पुरेसे नाहीत. जालना विधानसभेच्या निवडणुकीवरून गेलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतचं प्रमाणपत्र आवश्यक ठरवलं. आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३प्रमाणे त्याचा नमुना त्या कायद्याच्या अनुसूचीत आहे, एक भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा आणि तो फोन विकू किंवा रीसेट करू नका.

या आठवड्यात एवढं करा : हिंदी पुस्तकाची एक प्रत आणि एक पिशवी विकत घ्या, बिलासकट. पुस्तकाच्या सुरुवातीच्या ज्या पानावर आवृत्ती, मुद्रक आणि तारीख असते, त्याचा फोटो काढा. आणि पिशवीच्या बिलाची लगेच झेरॉक्स घ्या, थर्मल कागदावरची अक्षरं काही महिन्यांत उडून जातात.