सिगारेट सोडली तर सोरायसिस भडकेल का?

"ताण आला की चट्टे वाढतात. सिगारेट ओढली की ताण उतरतो. मग ती सोडून चट्टे कशाला वाढवून घेऊ?" सोरायसिस, म्हणजे त्वचेवर खवलेदार चट्टे उठवणारा आजार, असलेली माणसं समुपदेशनाला आली की हा प्रश्न हमखास निघतो. ताणाने सोरायसिस उसळतो, हे खरंच आहे. गफलत मधल्या वाक्यात आहे.

चाळिशीतले एक गृहस्थ (तपशील बदलले आहेत) दिवसाला अठरा-वीस सिगारेटी ओढत. कोपर, गुडघे, डोक्याची त्वचा, सगळीकडे खवले. सोरायसिसमध्ये त्वचेच्या पेशी महिन्याऐवजी काही दिवसांतच वर येतात आणि धूर ती दाहाची प्रक्रिया आणखी चेतवतो, हे त्यांना त्वचारोगतज्ज्ञांनी समजावलं होतं. दिवसाला वीसहून अधिक ओढणाऱ्यांत आजार तीव्र असण्याची शक्यता, दहापर्यंत ओढणाऱ्यांच्या साधारण दुप्पट आढळली आहे, हेही ते वाचून आले होते. म्हणजे माहिती कमी पडत नव्हती. अशा वेळी उपदेशाचा उपयोग होत नाही. माणसाला स्वतःचाच पुरावा हाती लागावा लागतो, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून दोन आठवडे वही. रकाने चार: वेळ, तेव्हा काय चाललं होतं, ओढण्याआधीची बेचैनी दहापैकी किती, ओढल्यावर किती.

तिसऱ्या भेटीत ते रविवारच्या पानावर अडले.

"घरी एकटाच होतो. काम नाही, वाद नाही. तरी प्रत्येक सिगारेटीआधी सात, आठ, सात."

"दोन सिगारेटींत अंतर किती?"

त्यांनी रकान्यावरून बोट खाली नेत मोजलं. "पन्नास मिनिटं. तास. परत पन्नास." बोट तिथेच थांबलं. "मॅडम, हा ताण नाहीच. ही मागच्या सिगारेटीची वसुली आहे."

वही सुचवल्याचं चीज झालं. शरीरातलं निकोटिन उतरू लागलं की चिडचिड होते, नवी सिगारेट ती तेवढ्यापुरती मिटवते, आणि आपण त्याला 'ताण उतरला' म्हणतो.

पुढची तयारी मात्र बारकाईची असते. त्यांनी तारीख ठरवून एकदम सोडली. नुसती संख्या कमी केली की उरलेल्या सिगारेटी खोल ओढल्या जातात. तलफ बहुधा काही मिनिटांत ओसरते. पहिला आठवडा सर्वांत अवघड जातो. त्यात हात रिकामा राहतो आणि नकळत चट्टे खाजवू लागतो. हे टाळायलाच हवं, कारण सोरायसिसमध्ये जिथे त्वचा सोलवटते तिथे नवा चट्टा उठू शकतो. त्यांनी ज्या खिशात पाकीट असे, तिथे मॉइश्चरायझरची छोटी ट्यूब ठेवली. हात तिकडे गेला की कोपराला लावायचं.

निकोटिनचा पॅच, म्हणजे त्वचेवर चिकटवायची पट्टी, डॉक्टरांना विचारून वापरावा. तो चट्ट्यावर कधीच नको. स्वच्छ, कोरड्या, निरोगी त्वचेवर, रोज जागा बदलून. निकोटिनचं च्युइंगगम सतत चघळू नये. जिभेला चुरचुरलं की गालात धरायचं, चव गेली की पुन्हा चघळायचं. त्याआधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको. सिगारेट सोडण्यासाठी ब्युप्रोपिऑन हे औषध सुचवलं गेलं, तर सोरायसिस असल्याचं आवर्जून सांगा. काहींचा आजार त्याने उसळल्याच्या नोंदी आहेत.

सिगारेट सोडणं हा सोरायसिसवरचा इलाज नव्हे. औषधं चालूच ठेवायची, आणि दोन आठवड्यांत त्वचेचा निकाल लावायचा नाही. हृदय आणि रक्तवाहिन्यांचा धोका सोरायसिसमध्ये आधीच जास्त असतो; तो कमी होणं आरशात दिसत नाही, पण त्याचं मोल मोठं आहे.

सहाव्या आठवड्यात एका समारंभात त्यांनी दोन ओढल्या. "सगळं वाया गेलं," म्हणाले. वही उघडायला सांगितली. त्या दोन्हींच्या वेळा, प्रसंग, बेचैनीचे आकडे त्यांनी लिहिले आणि खालच्या ओळीत दुसऱ्या दिवशीची तारीख टाकली.