गिरणी कामगार वडिलांवर लिहिताना
‘बाबा फार कष्टाळू होते’ इथून सुरुवात नको. ते प्रत्येक पुण्यस्मरणात असतं. आधी घरातली ट्रंक उघडा. पगाराची चिठ्ठी, फंडाची पावती, गावी धाडलेल्या मनीऑर्डरच्या पावत्या काढा. बदली कामगार होते की कायम, घरी किती पैसे जात, हे त्यातूनच कळतं. साचेखातं (विणकाम) की त्रासन (सूतकताई), हे नक्की लिहा. दोन्हीकडचं काम अगदी वेगळं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाल्यावर चूल कशी पेटती राहिली, हे आईला विचारा, पण एका बैठकीला अर्धा तासच. त्या आठवणी जड असतात. वर्षं मात्र कागदावरूनच घ्या, सांगताना ती हमखास मागेपुढे होतात. मग एकच प्रसंग सविस्तर लिहा: पाळी सुटून घरी आल्यावर ते पहिली हाक कुणाला मारत?