ताई, रंगाच्या खर्चावरून चित्राची किंमत सांगू नका

ताई, एकजण सिद्धेश्वर मंदिराचं २४ बाय ३६ इंचाचं ॲक्रिलिक चित्र काढून द्या म्हणतोय आणि तुम्ही त्याला "रंग-कॅनव्हासचे निघाले तरी बास" म्हणून बसलात, हे वाचून जीव तुटला ओ. हेच वाक्य मी बोललोय.

आपल्याच सोलापुरातल्या एका कार्यालयाने (नाव नको) माझ्याकडून भुईकोट किल्ला, कंबर तलाव, गड्ड्याची जत्रा अशी १२ चित्रं करून घेतली. सगळं तोंडी, फ्रेमसकट. बिल द्यायला गेलो तर टेबलावरचे साहेब म्हणाले सामानाच्या पावत्या जोडा, मी पण ट्यूबा, कॅनव्हास, फ्रेमवाला, सगळ्या जोडल्या. झालं, त्या बेरजेवर थोडी मजुरी धरून बाकीचं कापलं. "सामान तर एवढंच लागलंय की." तलावावरचा उजेड पकडायला मी तीन दिवस पहाटे पाच वाजता जाऊन बसलोय, त्याची पावती कुठून आणू? उरलेल्या पैशासाठी ११ महिने चकरा, कधी साहेब रजेवर, कधी फाईल वर गेलीय. आणि जानेवारीत तीच चित्रं त्यांच्या कॅलेंडरवर! भांडायलाही तोंड नाही, कारण पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राचा कॉपीराइट, वेगळं काही ठरलं नसेल तर, काढून घेणाऱ्याचा, १९५७ च्या कायद्यातच तसं आहे. म्हणून 'छापायचे हक्क चित्रकाराकडे' ही ओळ कोटेशनवर टाका आणि खाली त्यांची सही घ्याच. मी वकील नाही, मोठं काम असेल तर एखाद्याला विचारा.

रेटचं म्हणाल तर मी लांबी अधिक रुंदी धरतो. तुमचं ६० इंच, इंचाला १५० रुपयांनी ९,०००, फ्रेम वेगळी. चौरस इंचाला १० लावले तर हे ८,६४० होतं, पण १२ बाय १२ चं नुसतं १,४४०, डोळे तेवढेच फुटतात त्यात पण. माझ्या पद्धतीने तेच ३,६००. १५० हा माझा आकडा, तुमचा तुम्ही ठरवा. घरी आणि गॅलरीत भाव मात्र एकच ठेवा, गॅलरी ३० ते ५० टक्के कापते म्हणून घरी स्वस्त दिलं की गॅलरीवाले परत दारात उभं करत नाहीत. पाहुण्यांना सूट द्यायचीच तर बिलावर पूर्ण किंमत लिहून मग कमी करा.

अजून पक्कं झालं नसेल तर आजच फोन करून आकडा सांगा, निम्मे आधी घ्या. आणि देताना बबल रॅप थेट रंगावर नको, मध्ये बटर पेपर घाला, आपल्या उन्हात ॲक्रिलिक मऊ पडून चिकटतंय.