धड न बांधलेल्या यंत्रांसाठी मराठीत ‘जुगाड’ सोडून कोणते शब्द आहेत?

निकृष्ट बांधणीच्या किंवा जोडजाड करून कशाबशा चालवलेल्या यंत्रांसाठी मराठीचे स्वतःचे रंगतदार शब्द आहेत का, असा आपला प्रश्न आहे. असे शब्द भरपूर आहेत आणि ‘जुगाड’ हा त्यांतला सर्वांत अलीकडचा पाहुणा आहे. हिंदी पट्ट्यात जुगाड नावाची प्रत्यक्ष गाडीच असते: लाकडी सांगाड्यावर शेतीपंपाचे डिझेल इंजिन चढवायचे आणि वऱ्हाड भरून न्यायचे. आपल्याकडे हा शब्द आला तो कौतुकाचा सूर घेऊनच, त्यामुळे त्यात निंदा जवळजवळ उरलेली नाही. मराठीचे जुने शब्द इतके दयाळू नाहीत. मी शेतीपंप आणि विजेच्या मोटरी दुरुस्त करण्याच्या व्यवसायात आहे, तेव्हा उदाहरणे बरीचशी त्याच आवारातली येतील.

गाड्यांच्या बाबतीत मराठी माणूस आधी कानाने नाव ठेवतो. फटफट वाजते ती फटफटी आणि ज्याचा प्रत्येक नटबोल्ट सैल झाला आहे तो खुळखुळा. खटारा म्हणजे मुळात ओझी वाहणारी बैलगाडी. त्या शब्दात हिणवण्यासारखे काही नव्हते, पण मोटारी आल्यावर तो मोटारींनाच शिवी म्हणून लागू झाला. एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली आणि पुढे ‘लाल डबा’ हे नाव एसटीला कायमचे चिकटले. त्यात थट्टा आहे, पण जिव्हाळाही आहे. त्याच डब्याचे ‘डबडे’ झाले की जिव्हाळा संपतो. मराठीत एखाद्या वस्तूला नपुंसकलिंगात ढकलले की तिची पत गेलीच म्हणून समजावे: खटारा परवडला, पण ‘ते खटारं’ म्हटल्यावर गिऱ्हाईकसुद्धा मिळत नाही. लांब नाकाडात इंजिन बसवलेल्या तीनचाकीला लोक ‘डुक्कर’ म्हणत, तो मात्र मला अन्याय वाटतो, कारण ती हॅम्बुर्गच्या टेम्पो कंपनीच्या परवान्यावर बजाज टेम्पोने बनवलेली चांगली दणकट गाडी होती; आपला ‘टेम्पो’ हा शब्दही त्याच कंपनीच्या नावावरून आला.

दोष मालाचा असेल तर शब्द बदलतात. तकलादू, टिनपाट आणि कचकड्याचे हे तीन रोजच्या वापरातले. कचकडे म्हणजे सेल्युलॉइड, एक जुन्या प्रकारचे प्लास्टिक. पूर्वी त्याच्या बाहुल्या यायच्या आणि जरा जोरात धरल्या की चेपायच्या. आता सेल्युलॉइड कोणी पाहिलेले नसते, तरी पातळ प्लास्टिकच्या स्विचला ‘कचकड्याचा’ हेच विशेषण नेमके बसते. मुंबई-ठाण्याकडे नकली मालाला ‘मेड इन यूएसए’ म्हणण्याची जुनी खोड आहे. त्यातले यूएसए म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’. कल्याणच्या लष्करी छावणीत येऊन पडलेल्या निर्वासितांनी उभ्या केलेल्या या गावाची पायाभरणी 8 ऑगस्ट 1949 रोजी झाली, आणि तिथला बराचसा माल अस्सल म्हणवणाऱ्या मालाइतकाच टिकत असे, हे विनोद सांगणारे सोयीस्करपणे विसरतात.

माल बरा पण कारागिराने घाई केली असेल, तर ‘पाट्या टाकल्या आहेत’ हा शेरा पुरतो. आणि माल बरा, काम बरे, पण युक्तीच वेडीवाकडी असेल, तर ‘द्राविडी प्राणायाम’. याचा एक उत्तम नमुना मी एका मळ्यावर पाहिला. टाकी भरली की मोटर बंद व्हावी म्हणून मालकांनी अर्धा वाळूने भरलेला कॅन टाकीत सुतळीने सोडला होता. सुतळी दोन कप्प्यांवरून खाली मोटर चालू-बंद करणाऱ्या स्टार्टरपर्यंत आली होती आणि तिच्या टोकाला वीट टांगलेली होती. पाणी चढले की कॅन तरंगू लागे, सुतळीवरचा भार कमी होई, वीट हळूहळू एका लोखंडी पट्टीवर उतरे आणि पट्टी स्टार्टरचे लाल बटन दाबे. हेच काम साधा फ्लोट स्विच करतो. मालक त्याला ‘ऑटोमॅटिक’ म्हणत, शेजारी द्राविडी प्राणायाम म्हणत, आणि दोघांचेही बरोबर होते, कारण ते चालत होते.

आता मला खरे जे सांगायचे आहे ते असे की, हे सगळे शब्द बंद पडणाऱ्या, खडखडणाऱ्या किंवा हसू आणणाऱ्या वस्तूंच्या वाट्याला येतात. जे निमूटपणे चालते आणि घात करते, त्याला मराठीने एकही टोपणनाव दिलेले नाही. विजेच्या खांबावरच्या तारेवर टाकलेल्या चोरट्या वायरीला आपण नुसते ‘आकडा’ म्हणतो, जणू ती कोष्टकातली एखादी संख्या आहे. चिनी मातीच्या फ्यूजला सगळे वायरमन ‘किटकॅट’ म्हणतात. तो पुन्हा पुन्हा उडू लागला की बारीक फ्यूजतारेच्या जागी ॲल्युमिनियमची जाड तार गुंडाळली जाते. फ्यूजतारेने ज्या प्रवाहाला वितळायचे, त्या प्रवाहाला ही तार ढिम्म राहते. मग फ्यूजऐवजी मोटरचे वायंडिंग (आतली तारेची गुंडाळी) वितळते किंवा भिंतीतली वायर पेटते. याला खटारा नाही, डबडे नाही, काहीच नाही. उलट ‘आता वर्षभर बघायला नको’ अशी शाबासकी मिळते.

स्टार्टरला बसवलेल्या ‘ऑटो’चेही तसेच. वीज आली की पंप आपोआप सुरू व्हावा यासाठी तो असतो. मोटर सुरू होताना नेहमीच्या 5 ते 7 पट प्रवाह ओढते. शिवारातले सगळे ऑटो एकाच क्षणी जागे झाले की डीपी, म्हणजे शिवाराला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, जळते, आणि मग ती बदलून मिळेपर्यंत पिके वाळतात. शिव्या खातो तो मात्र वायरमन. तीन फेजची (तीन तारांतून वीज घेणारी) मोटर कपॅसिटर लावून एकाच फेजवर पळवणारेही असेच निर्धास्त असतात. ती तापत राहते आणि एके दिवशी माझ्या दुकानात येते.

याउलट फुटलेल्या पाइपला सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधणे हे मी कामचलाऊ म्हणेन, आणि हा शब्द मी आदराने वापरतो. पट्टी सुटली तर पाणी वाया जाते, एवढेच; शिवाय ती तात्पुरती आहे हे पाहणाऱ्याला लगेच कळते. जाड तार बांधलेला किटकॅट बाहेरून अगदी नव्यासारखा दिसतो.

दुकानात गिऱ्हाइकासमोर यांपैकी एकही शब्द मी उच्चारत नाही, कारण ते यंत्र बहुधा त्याने किंवा त्याच्या मेहुण्याने जोडलेले असते. पावतीवर ‘तात्पुरती दुरुस्ती, फ्यूज योग्य तारेचा बसवणे’ एवढेच लिहितो.