नवलकोलाच्या कुंड्या कठड्यापासून हलवा

वहिनी, रोपं नुसती उंच होताहेत आणि गड्डा धरत नाही म्हणताय, तर खत वाढवू नका. आधी ऊन मोजा. नवलकोलाला (आपल्या इंदूरच्या मंडईत गांठगोभी म्हणून मागा) रोज किमान सहा तास थेट ऊन लागतं. चारएक तासांवर पाला येतो, गड्डा मात्र लिंबाएवढाच.

गच्चीवर दक्षिणेच्या कठड्याला चिकटून कुंड्या ठेवल्यात ना? डिसेंबरात इथे भर दुपारीही सूर्य जेमतेम ४४ अंश वर असतो, म्हणजे तीन फुटी कठड्याची सावली तीन फूट पडते. मीही पहिल्या वर्षी तिथेच फसले. कुंड्या चार फूट मागे घ्या, नाहीतर विटांवर चढवा.

सावली लागते ती दोनदाच: सप्टेंबर-ऑक्टोबरात कोवळ्या रोपांना दुपारी जुनी सुती साडी बांधा, आणि फेब्रुवारी सरताना ऊन तापलं की पुन्हा. उन्हाचा चटका आणि कोरडी माती एकत्र आली की गड्डा लाकडासारखा होतो. टेनिसच्या चेंडूएवढा झाला की काढाच, मोठा व्हायची वाट बघू नका. पाला टाकू नका हं, डाळ घालून छान भाजी होते.