वाशीतल्या सकाळच्या वर्गावर जाण्याआधी

प्रिय विद्यार्थिनीस,

वाशीच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर तुझी निवड झाल्याचं कळलं, फार आनंद झाला. तेरावी कॉमर्स, अकाउंट्स, सकाळची पहिली तासिका. म्हणजे ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची पहाटेची गाडी. त्याची सवय होईल. मला बोलायचंय ते मुलांबद्दल.

सात वाजता तुझ्यासमोर बसलेल्यांपैकी काही जण झोपून उठून आलेलेच नसतील. एपीएमसीच्या भाजीपाला मार्केटात माल रात्रीच उतरतो. गाळ्यावर वजनं लिहिणारा मुलगा तिथून थेट वर्गात येतो. कुणाला दुपारी तुर्भ्याच्या एमआयडीसीत पॅकिंगला जायचं असतं, कुणी घरचा स्वयंपाक उरकून आलेली असते. डोळे मिटले म्हणून कुणाला बाहेर काढू नकोस, आधी विचारपूस कर. पहिल्या आठवड्यात पोर्शन थोडा मागे पडला तरी चालेल, पण कोण काय काम करतं, कुणाची दहावी मराठीतून झाली, हे वहीत टिपून ठेव.

याचा उपयोग शिकवतानाच होतो. घसारा घे, म्हणजे वापराने वस्तूची किंमत दरवर्षी घटते त्याचा हिशेब. पुस्तकातली मशिनरी बाजूला ठेव आणि फळ्यावर आठ लाखांचा टेम्पो मांड. दर 15 टक्के, घटत्या शिलकेची पद्धत. पहिल्या वर्षी 1,20,000 गेले, उरले 6,80,000. दुसऱ्या वर्षी 1,02,000. रक्कम कमी का झाली, हे तू सांगूच नकोस. सेकंडहँड टेम्पोचा भाव ठाऊक असलेलं कुणीतरी मागच्या बाकावरून बोलेल. त्यालाच फळ्याशी बोलाव, पुढचं वर्ष त्याला मांडू दे. संज्ञा मात्र इंग्रजीतही लिहून दे. बहुतेकांना पेपर इंग्रजीतच लिहायचा असतो.

आता तुझ्याबद्दल. तासिका तत्त्वावर घेतलेल्या तासांचेच पैसे मिळतात, सुट्ट्यांचे महिने कोरडे जातात. नेमणूक लेखी घे, झालेल्या तासांची नोंद स्वतःकडेही ठेव, बिल महिन्याच्या महिन्याला दे. नव्या माणसावर एनएसएस, युवा महोत्सव, नॅकच्या म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या फायली, सगळंच येऊन पडतं. एक काम मनापासून घे, बाकीच्यांना नम्रपणे नाही म्हण. तो वेळ सेटला, म्हणजे प्राध्यापकपदासाठीच्या राज्य पात्रता परीक्षेला दे. एम.कॉम.ला तुला 55 टक्क्यांच्या वर आहेतच, आणि 1 जुलै 2023 पासून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीला पीएचडी सक्तीची राहिलेली नाही. नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा किंवा सेट चालते. सेट पुण्याचं सावित्रीबाई फुले विद्यापीठ घेतं, जाहिरातीवर लक्ष ठेव. 'पुढच्या वर्षी देऊ' म्हणत फार चांगले शिक्षक वर्षानुवर्षं तासिकांवरच राहिलेले मी पाहिलेत. तुझं तसं होऊ नये, ही माझी कळकळ आहे.

पहिल्या आठवड्याचं टाचण झालं की पाठव, वाचून कळवतो. सेटच्या पेपर एकचे जुने प्रश्नसंच माझ्याकडे आहेत; रविवारी नौपाड्यात घरी ये आणि घेऊन जा.

तुझे,
सर